युकुलेलेवर जुनी गाणी: मराठवाड्यातल्या हौशी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशवाणीवर ऐकलेली भावगीतं, जुनी चित्रपटगीतं, गावच्या भजनातले अभंग, आजीच्या ओव्या. ही गाणी युकुलेले या गिटारसारख्या, चार तारांच्या छोट्या वाद्यावर बसवून एकमेकांना ऐकवणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. आमचं मत आधीच सांगतो: जुन्या गाण्यात शब्द आणि चाल पुढे, युकुलेले मागे. खालच्या बहुतेक सूचना याच मतातून आल्या आहेत.

कोणतं युकुलेले घ्यावं?

गाण्याच्या साथीसाठी कॉन्सर्ट आकाराचं घ्या. त्याच्या तारेची लांबी साधारण ३८ सेंटिमीटर असते. सोप्रानो त्याहून लहान, सुमारे ३३ ते ३५ सेंटिमीटर, आणि मोठ्या बोटांना त्यात दाटी होते. टेनर सुमारे ४३ सेंटिमीटरचं. चाल तारेवर वाजवायची असेल तर ते चांगलं, पण लेकरांच्या हाताला जड जातं. बॅरिटोन सहसा डी-जी-बी-ई अशा स्वरांत लावतात, म्हणून खाली दिलेले बोटांच्या जागांचे आकडे त्याला लागू होणार नाहीत.

खेळण्याच्या दुकानातलं प्लॅस्टिकचं युकुलेले नको. बहुतेकांचे पडदे, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, चुकीच्या अंतरावर बसवलेले असतात आणि कितीही सूर लावला तरी कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले स्वर, बेसूरच येते. दुकानात एक परीक्षा कराच. प्रत्येक तार मोकळी छेडा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. दुसरा स्वर बरोबर वरच्या सप्तकातला यायला हवा. तो चढा येत असेल तर वाद्य ठेवून द्या. बाराव्या पडद्यापाशी तार पडद्यापासून अडीच ते तीन मिलिमीटर उंच असली की हाताला सोपी जाते.

दर दोन मिनिटांनी सूर उतरतो. वाद्य खराब आहे का?

बहुधा नाही, तारा नव्या आहेत. नायलॉनच्या किंवा फ्लोरोकार्बनच्या तारा पहिला आठवडाभर ताणत राहतात. सूर लावा, प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच दोन-तीनदा वर ओढा, पुन्हा सूर लावा. चार-पाच दिवस हे केलं की तार स्थिरावते. सूर नेहमी खालून वर चढवत लावा. चढा झाला तर आधी बराच उतरवा आणि पुन्हा वर या. नाहीतर खुंटीतला ढिलेपणा तसाच राहतो आणि दोन ओळींत सूर घसरतो.

मोकळ्या तारांचे स्वर जी, सी, ई, ए. नाकाकडची जीची तार सीपेक्षा वरच्या स्वराची असते, ती चूक नाही, युकुलेलेची रचनाच तशी आहे. गिटारच्या स्टीलच्या तारा मात्र कधीही चढवू नका. त्यांचा ताण इतका असतो की घोडी उखडून हातात येते.

लातूर-बीडच्या उन्हाळ्यात वाद्याची काळजी कशी घ्यायची?

लाकडाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची दुपारची हवा त्याहून कितीतरी कोरडी असते. लाकूड आकसतं आणि पडद्यांची टोकं बाजूने बोटाला टोचू लागतात, ही पहिली खूण. पुढची पायरी म्हणजे वरच्या फळीला चीर.

उपाय साधा आहे. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा ठेवा आणि ती डबी वाद्याच्या पेटीत, मानेच्या बाजूला ठेवा. स्पंजातून एक थेंबही गळता कामा नये. उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी तो पुन्हा ओला करा आणि पावसाळा लागला की डबी काढून टाका. वाद्य कूलरच्या झोतासमोर टांगू नका. रात्रभर दमट आणि दिवसभर कोरडं, असा रोजचा हेलकावा नुसत्या कोरडेपणापेक्षा वाईट. उभ्या गाडीत, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा मोटारसायकलच्या कॅरिअरवर उन्हात ठेवलं तर सरसच मऊ पडतं.

पहिलं वाद्य घेताना थरांच्या लाकडाचं, म्हणजे लॅमिनेटचं घ्या, असं आम्ही म्हणतो ते याचसाठी. अख्ख्या लाकडाचा आवाज अधिक गोड, पण आपल्या हवेत त्याची राखण रोज करावी लागते.

आम्हाला पेटीची पट्टी कळते, कॉर्ड कळत नाही. काळी चारमध्ये गायचं तर काय करायचं?

पट्टी कळते म्हणजे निम्मं काम झालंच. पांढरी एक म्हणजे सी. युकुलेलेवर सोप्या पडणाऱ्या पट्ट्या तीन: सी, एफ आणि जी. बाकीच्या कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकाच पडद्यावर दाबणारा चिमटा, लावून मिळतात. कॅपो एक पडदा पुढे सरकला की पट्टी एका स्वरस्थानाने, म्हणजे अर्ध्या स्वराने चढते.

काळी एकसाठी पहिल्या पडद्यावर कॅपो आणि सीच्या कॉर्ड. पांढरी दोनसाठी दुसऱ्यावर, काळी दोनसाठी तिसऱ्यावर, कॉर्ड त्याच. पांढरी चार म्हणजे एफ, कॅपो नको. काळी तीनसाठी एफच्या कॉर्ड आणि पहिल्या पडद्यावर कॅपो. पांढरी पाच म्हणजे जी. काळी चारसाठी जीच्या कॉर्ड, कॅपो पहिल्यावर. काळी पाचसाठी जीच्याच, कॅपो तिसऱ्यावर. चौथ्या पडद्यापलीकडे कॅपो नेऊ नका, आवाज पत्र्यासारखा होतो.

पट्टी मूळ गायिकेची घेऊ नका, आपल्या गळ्याची घ्या. गाण्यातली सर्वांत वरची ओळ आधी म्हणून पाहा. ती न ओरडता निघाली आणि सर्वांत खालचा स्वरही ऐकू आला की पट्टी ठरली. अनेक जण मुखड्यावरून पट्टी ठरवतात आणि अंतऱ्यात अडकतात.

मूळ रेकॉर्डिंगसोबत वाजवताना ना पांढरी लागते ना काळी. असं का?

जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांत फिरण्याचा वेग थोडा कमी-जास्त झालेला असतो, आणि त्या काळच्या पेट्याही सगळ्या एकाच मापाच्या नव्हत्या. म्हणून स्वर दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. ट्यूनरच्या ॲपमध्ये एचं माप ४४० असतं, ते ४३० ते ४५० या टप्प्यात हलवून रेकॉर्डिंगशी जुळवा. ऐकून शिकण्यापुरतंच हे करा. स्वतःचं रेकॉर्डिंग करताना माप ४४०वर आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्याला तुमच्यासोबत वाजवता येणार नाही.

गाण्याच्या कॉर्ड स्वतः कशा शोधायच्या?

नेटवर मिळणाऱ्या कॉर्ड बऱ्याचदा गिटारवाल्यांनी घाईत लिहिलेल्या असतात. ओळीत पाच-पाच कॉर्ड बदलतात आणि चालीचा श्वास कोंडतो. स्वतः शोधा, वेळ लागेल पण गाणं आतून कळेल.

आधी चालीचं सरगम लिहा, निदान प्रत्येक ओळ ज्या स्वरावर थांबते तो स्वर. सा पांढरी एक धरला तर कोणता स्वर कोणत्या कॉर्डमध्ये, त्याचा हिशोब असा. सा आहे सी, एफ आणि ए मायनरमध्ये. रे आहे जी आणि डी मायनरमध्ये. ग आहे सी, ए मायनर आणि ई मायनरमध्ये. म आहे एफ आणि डी मायनरमध्ये. प आहे सी, जी आणि ई मायनरमध्ये. ध आहे एफ, ए मायनर आणि डी मायनरमध्ये. नी आहे जी आणि ई मायनरमध्ये. कोमल नी आली की सी सेव्हन, कोमल ग आला की सी मायनर, तीव्र म आला की डी.

बोटांची जागा चार आकड्यांत लिहितो, नाकाकडच्या तारेपासून जमिनीकडच्या तारेपर्यंत. आकडा म्हणजे दाबायचा पडदा, ० म्हणजे मोकळी तार. सी ०००३, एफ २०१०, जी ०२३२, जी सेव्हन ०२१२, ए मायनर २०००, डी मायनर २२१०, ई मायनर ०४३२, सी सेव्हन ०००१, सी मायनर ०३३३, डी २२२०. एफच्या पट्टीत बी फ्लॅट लागते, ३२११. नवशिक्यांची गाडी इथेच अडते. तिच्याऐवजी ०२११ धरा, एकच स्वर जास्तीचा येतो आणि जुन्या गाण्यात तो कानाला गोडच लागतो.

मग नियम एकच: जिथे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते आणि चाल थांबते तिथे कॉर्ड बदला, मधल्या हरकतींवर नाही. पूर्ण ओळ एका कॉर्डवर निघत असेल तर निघू द्या. दोन कॉर्ड दोन्ही बसत असतील तर डोळे मिटून ओळ म्हणा आणि जिच्यावर शब्द अधिक स्पष्ट ऐकू येतो ती ठेवा.

रागावर बांधलेल्या गाण्याला कॉर्ड लावली की राग बिघडतो, हे खरं का?

रागात नसलेला स्वर कॉर्डमधून डोकावला तर बिघडतो. म्हणून कॉर्ड निवडतानाच राग सांभाळायचा.

भूप युकुलेलेला फारच मानवतो. सा पांढरी एक धरा आणि चारही तारा मोकळ्या छेडा: प, सा, ग, ध. सगळे भूपातलेच स्वर, एकही बोट न लावता. भूपात म आणि नी नाहीत, म्हणून एफ नको आणि नेहमीची जीही नको, कारण तिच्यात नी आहे. जीच्या जागी ०२३० धरा, त्यात फक्त प, रे, ध येतात. सीच्या जागी कधी ०२०३ धरा, सा, रे, ग, प मिळतात. भूपाच्या चालीवरचा अख्खा अभंग एवढ्यावर निघतो.

यमनमध्ये म तीव्र, तेव्हा एफ आणि डी मायनर बाद. सी, डी, ई मायनर, जी, ए मायनर बिनधास्त वापरा.

भैरवी पांढरी एकमध्ये धरली तर बोटं वळतील. सा पांढरी तीन करा, म्हणजे ई. मग भैरवीचे सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात आणि ई मायनर, एफ, जी, ए मायनर, सी, डी मायनर या ओळखीच्या कॉर्डच पुरतात. शेवटी मात्र ई मायनरवर येऊन थांबा. सवयीने सीवर थांबलात तर भैरवीचा रंगच जातो. सुगम संगीतातली भैरवी बाहेरचे स्वरही घेते. तिथे कॉर्ड सोडा आणि फक्त साची तार वाजवा.

दादरा आणि केरवा स्ट्रमिंगमध्ये, म्हणजे तारा एकदम छेडताना, कसे आणायचे?

याच्यावर वेळ घालवा. कॉर्ड चुकली तर ऐकणारा माफ करतो, ठेका मोडला की गाणं परकं वाटतं.

दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. बहुतेक जण तो वॉल्ट्झसारखा वाजवतात, एकवर जोर, दोन-तीन हलके, चारवर पुन्हा तेवढाच जोर. चूक इथेच होते, कारण चौथ्या मात्रेवर तालाची खाली, म्हणजे बिनजोराची जागा, आहे. पहिल्या मात्रेला अंगठ्याने चारही तारा खालच्या दिशेने, दोन आणि तीनला तर्जनीने हलकं खाली-वर, चौथ्या मात्रेला तर्जनीने फक्त जमिनीकडच्या दोन तारा, पाच-सहाला पुन्हा हलकं खाली-वर. एवढ्या फरकाने ठेका डोलायला लागतो.

केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धी न. हात पेंडुलमसारखा सतत खाली-वर हलता ठेवा आणि काही जागी तारांना स्पर्श टाळा. एक खाली, दोन रिकामी, तीन खाली, चार वर, पाच रिकामी, सहा वर, सात खाली, आठ वर. पाचवी मात्रा, म्हणजे खालीची जागा, आपोआप रिकामी राहते. अभंगासाठी आणि नाथांच्या भारुडासाठी हाच ठेका जरा द्रुत करा. सातव्या मात्रेवर तळहाताने तारा दाबून टक् असा आवाज काढला तर टाळाची जागा भरते.

रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन, आणि त्याची सम हीच खाली. म्हणून पहिली मात्रा हलकी, चौथी आणि सहावी ठळक. तबल्याच्या ॲपसोबत आधी कॉर्ड न धरता, डाव्या हाताने तारा दाबून नुसता ठेका दहा मिनिटं वाजवा. मग कॉर्ड, आणि शेवटी गाणं. तिन्ही एकदम सुरू केलेलं सहसा टिकत नाही.

मींड, हरकती युकुलेलेवर निघतात का?

थोड्या. नायलॉनची तार बाजूला ओढून फारतर अर्धा स्वर चढतो. सरकवणं मात्र छान निघतं: स्वर छेडा आणि बोट न उचलता दोन पडदे पुढे न्या. गळ्यातली हरकत तारेवर जशीच्या तशी उतरवण्याचा अट्टहास नको. ती गळ्यालाच घेऊ द्या, त्या वेळी तारा शांत ठेवा.

चाल वाजवताना आणखी एक अडचण येते. नेहमीच्या तारांत सर्वांत खालचा स्वर मधल्या सप्तकाचा सी. सा पांढरी एक ठेवला तर मंद्रात जाताच येत नाही. सा पांढरी चारवर घ्या, म्हणजे मोकळी सी तार मंद्र पंचम होते आणि बहुतेक भावगीतं मावतात. तरी कमी पडलं तर नाकाकडची तार लो जीची, म्हणजे एक सप्तक खालच्या जीची, लावा.

मधलं लांबलचक संगीत कसं भरायचं?

भरू नका. अंतऱ्याआधी मुखड्याची शेवटची अर्धी ओळ तारेवर वाजवा, दोन आवर्तनं ठेका द्या आणि गायला लागा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेवढीच लांबी घरच्या सादरीकरणालाही पुरते.

फोनवर चांगलं रेकॉर्डिंग कसं करायचं?

आधी खोली निवडा. स्लॅब आणि गुळगुळीत फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, पत्र्याच्या खोलीत तो झणझणतो. जुनं माळवदाचं घर असेल तर तिथेच बसा. नसेल तर समोरच्या आणि मागच्या भिंतीवर वाकळ किंवा गोधडी टांगा आणि खाली सतरंजी टाका. पंखा, कूलर, फ्रिज बंद. पहाटे पाच-साडेपाचला रस्ताही शांत असतो आणि उकाडाही कमी.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. माइक बहुधा फोनच्या खालच्या कडेला असतो, तीच कड आपल्याकडे. नुसतं वादन असेल तर फोन एक ते दीड फुटावर, आणि रोख भोकाकडे नाही, मान जिथे पोटाला मिळते तिकडे. भोकासमोर ठेवला तर आवाज भसाडा येतो. गायन-वादन एकत्र असेल तर फोन दोन फुटांवर, छातीच्या उंचीला. गळा वाद्यापेक्षा नेहमीच मोठा ऐकू येतो, म्हणून फोन वर न नेता खाली आणून तोल साधायचा. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये आवाज गाळण्याची सोय असेल तर ती बंद करा, ती तारांची आस गोंगाट समजून कापते. पातळीचा काटा दिसत असेल तर सर्वांत मोठ्या ओळीलाही तो उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये.

नांदेड, परभणी आणि जालन्याचे तिघं मिळून एक गाणं करू शकतात का?

व्हिडिओ कॉलवर एकाच वेळी नाही. आवाज पोचायला वेळ लागतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो, त्यामुळे लय मंदावत जाते. पाळीपाळीने करा. पहिल्याने पट्टी, लय आणि ४४०चं माप ठरवून साथ रेकॉर्ड करायची, सुरुवातीला दोन टाळ्या आणि मात्रा मोजून. दुसऱ्याने ती वायरच्या इअरफोनवर ऐकत आपला भाग रेकॉर्ड करायचा. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि सगळं मागे पडतं. शेवटी टाळ्या जुळवून सगळे भाग एकत्र करायचे. एकाने कॉर्ड वाजवल्या तर दुसऱ्याने चाल किंवा नुसता सा वाजवावा. तिघांनी तेच स्ट्रमिंग केलं तर चिखल होतो.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबली जाऊन तारांचा वरचा आवाज जातो. नावात गाणं, पट्टी, ठेका आणि लय लिहा.

मंडळीत गाणं ऐकवताना सोबत काय सांगावं, आणि दुसऱ्याचं ऐकल्यावर?

गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक, तिघांची नावं. एकट्या गायकाच्या नावावर गाणं खपवणं बरं नाही.

ऐकल्यावर आधी काय आवडलं ते नेमकं सांगा: "दुसऱ्या अंतऱ्यात कॉर्ड सोडून दिलीत ते छान." दुरुस्ती एकच सांगा, वेळेसह: "१ मिनिट १० सेकंदांना ए तार उतरली आहे." लेकरांना आणि पहिल्यांदाच पाठवणाऱ्यांना त्यांनी विचारल्याशिवाय दुरुस्ती सांगू नका. मूळ गायकाशी तुलना कुणाचीच नको.

जुनं गाणं आहे, मग हक्काचा प्रश्न येतो का?

येतो. भारतात शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६० साली निघालेलं मुद्रण १ जानेवारी २०२१पासून मुक्त झालं, पण त्याच गाण्याचे शब्द आणि चाल अजून हक्कात असू शकतात. तिकीट न लावता हौशी मंडळाने श्रोत्यांसमोर गायला कायद्यात सूट आहे. विक्रीसाठी कव्हर, म्हणजे त्याच गाण्याचं आपलं मुद्रण, काढायचं तर पहिल्या मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं जावी लागतात आणि मानधन भरावं लागतं.

मोकळेपणाने काही करायचं तर आपल्याच मातीत भांडार आहे. पैठणचे एकनाथ, नर्सीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, जांबचे रामदास. शब्द सगळ्यांचे. परभणीचे कवी बी. रघुनाथ १९५३ साली गेले, त्यांच्या कवितांचा हक्कही संपला आहे. चाल मात्र स्वतःची लावा, कारण गाजलेल्या चालींचे हक्क संगीतकारांकडे असतात.

आजीच्या जात्यावरच्या ओव्यांना साथ कशी द्यायची?

आजीचं गाणं आधी साथीशिवाय रेकॉर्ड करा. त्याआधी तिला विचारा, आणि कुणाकुणाला ऐकवणार तेही सांगा. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याची असते, ओळ लांबते-आखडते, मेट्रोनोम लावला की ती मरते. तिचा सा शोधा, त्यावर कॅपो लावा आणि ओळ संपली की एकदाच अंगठ्याने हलकेच कॉर्ड सोडा. तिसरा स्वर, म्हणजे ग, कोमल-शुद्धाच्या मधे लागत असेल तर कॉर्डच नको, फक्त सा आणि प. सा सीवर असेल तर जी आणि सी या दोन मोकळ्या तारा पुरेत.

शब्द ती म्हणते तसेच लिहा, पुस्तकी करू नका. साथ जोडलेली प्रत वेगळी आणि मूळ मुद्रण वेगळं ठेवा. मूळ फाइलच्या नावात गाव, वर्ष आणि ती ओवी तिने कुणाकडून ऐकली ते लिहा.